दोराच्या मागच्या टोकाला

"मग कुठलं घ्यायचं म्हणतेस?" पेंढारकर मास्तरांनी विचारलं.

"लाल!" केतकीनं एक घाव दोन तुकडे केले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला, मास्तर? ताकद दुप्पट, वेग दीडपट. ते पिवळं नुसतं रेंगाळतं."

माळावरच्या त्या क्लबात चार ग्लायडर होती. बिनइंजिनाची ही विमानं. दोर बांधून त्यांना वर न्यायला इंजिनाचं विमान लागतं. क्लबाचं ते विमान दिवाळीपासून मोडून पडलं होतं. नवं एकच घेता येणार होतं, आणि पारखायला दोन आली होती: एक लाल, एक पिवळं. निवड चुकली तर ग्लायडरांनी हँगरात धूळ खायची, एवढंच.

निवडीचं काम केतकीवर सोपवलं होतं. वैमानिकांच्या परीक्षेत पहिली आलेली पोर, तिला त्याचा ताठा नसता तरच नवल!

"चालवून पाहिलीस?"

"तीन दिवस. दोन्ही."

"मागे ग्लायडर बांधून?"

"नाही."

"का गं?"

"त्याची काय गरज? चालवायचं ते पुढचंच ना!"

मास्तर मिशीत हसले. "घोडामैदान जवळच आहे," असं म्हणत ते ग्लायडरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. पुढे बसली केतकी.

आधी लाल विमान पुढे जोडलं; ते चालवायला क्लबातला दुसरा वैमानिक बसला. दोर ताणला आणि बाईसाहेबांचं धाबं दणाणलं. सावकाश उडणं त्या लालला ठाऊकच नव्हतं. मागे ग्लायडर थरथरत होतं, दोन्ही हातांनी धरलेली सुकाणूची काठी ऐकत नव्हती. हजार फुटांवर तिनं घाईघाईनं दोर सोडला.

खाली उतरल्यावर मास्तरांनी फक्त पिवळ्याकडे बोट दाखवलं.

पुन्हा दोर बांधला. पुन्हा वर. पुन्हा दोर सुटला, आणि लगेच उन्हानं तापलेल्या हवेचा झोत पंखांखाली आला.

"मास्तर, घारी! दोन! अहो, आपण त्यांच्याबरोबर वर चाललोय!"

केतकी गाऊ लागली. सूर तिला जन्मात सापडला नव्हता, पण त्या दिवशी आनंदच एवढा झाला होता. मागे मास्तरांनी ठेका धरला. तासाभरानं दोघं गवतावर उतरली.

"बरं, पिवळ्यानं कसं ओढलं?"

केतकीनं वळून पिवळ्या विमानाकडे पाहिलं.

"मास्तर... त्याच्याकडे लक्षच गेलं नाही."

"मग तेच घे."