विरोधाचा बाक

१२ डिसेंबर. सकाळी दाट धुकं, दुपारी कोरडा वारा.

नगराध्यक्षपदाचे उमेदवार भाऊसाहेब गुंजाळ नगरपालिकेसमोरच्या चौकात छाती पुढे काढून सांगत होते, "पालिकेची कर्जमर्यादा वाढवायचा ठराव जेव्हा जेव्हा आला, तेव्हा मी विरोधच केला!"

टाळ्या पडल्या. त्यांच्या विरुद्ध उभ्या असलेल्या कुमुदताई रणपिसे गर्दीच्या कडेला एकट्याच होत्या. त्यांचे सोबती नगरसेवक केव्हाच भाऊसाहेबांना जाऊन मिळाले होते. ठरावाला विरोध असणाऱ्याने उठून भिंतीलगतच्या बाकावर बसायचं, ही पालिकेची जुनी रीत. पाच वर्षं तिथे कुमुदताईंशिवाय कुणी बसलं नव्हतं. पण हे सांगायला त्यांच्या बाजूने साक्षीदार कुठून आणायचा?

त्यांनी शांतपणे विचारलं, "भाऊसाहेब, विरोध करताना तुम्ही बाकावर कुठे बसायचात?"

"तुमच्या शेजारीच की, ताई! विसरलात?"

"मी तर दाराकडच्या टोकाला बसायचे."

"आणि मी दुसऱ्या टोकाला, ऐसपैस!"

"त्या टोकाची फळी पहिल्याच वर्षी तुटून पडली," कुमुदताई म्हणाल्या. "नुसता सांगाडा उरलाय. शेजारी बसायला कुणी येतच नव्हतं, म्हणून मीही कधी दुरुस्तीचं बोलले नाही. सभागृह उघडं आहे मंडळी, बघून या."

काही जण आत गेले आणि हसत बाहेर आले. "काय हो भाऊसाहेब, पाच वर्षं अधांतरी बसलात?"

मतमोजणीत भाऊसाहेबांना तीन हजार एकशे बारा मतं पडली आणि कुमुदताईंना तीन हजार चारशे सात.