न पळणारे हरीण

पूर्वी शोणावती नगरीत राजा चंद्रबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व मृगकुळात जन्मले आणि रानातल्या एका मोठ्या कळपाचे नायक झाले.

रानाच्या कडेला व्याधांची वस्ती होती. रोहक त्यांचा मुखिया. त्यांची रीत अशी, की माणूस पाहूनही जे हरीण पळत नाही ते वनदेवीने धाडलेले; ते सोडणे म्हणजे देवीचे ताट लाथाडणे. त्याचे काळीज घरच्या बाळंतिणीला द्यायचे.

त्या वर्षी कळपात रोग शिरला. हरणे लाळ गाळत, माना टाकून पाणवठ्यावर उभी राहू लागली. व्याध म्हणाले, देवी प्रसन्न झाली. फुकटचे मिळाले की माणूस कारण विचारत नाही. देवाचे नाव घेतो नि मिटक्या मारतो.

रोहकाची लेक चंपका नुकतीच बाळंत झाली होती. तिच्यासाठी काळीज आणायला तो निघाला, तशी बायको कालिका दारात आडवी आली.

"परवाच्या हरणाची आतडी खाऊन आपली कुत्री फेस गाळून मेली. त्यांच्यावरही देवी प्रसन्नच झाली म्हणायची?"

"मला रीत शिकवू नकोस."

"मी कुठे शिकवते? मी नुसती कुत्री पुरते आहे."

रोहक तरातरा निघाला. पाणवठ्यावर एक हरिणी थरथरत उभी होती. त्याने बाण लावला, तोच बोधिसत्त्व झाडीतून आले आणि तिच्यापुढे उभे राहिले.

"हे तर चांगले पोसलेले," रोहक पुटपुटला. "देवीने लेकीसाठीच धाडले."

"थोडे थांब, व्याधा," बोधिसत्त्व म्हणाले. एका झेपेत नाला ओलांडून ते टेकडीवर गेले, आणि परत येऊन बाणासमोर उभे राहिले.

"मी पळू शकतो, तरी उभा आहे. हिला पळायचे आहे, पण पाय उचलत नाहीत. हा प्रसाद नव्हे, बाबा, रोग आहे. काळीज हवेच असेल तर माझे घे. हिचे मात्र लेकीच्या मुखी घालू नकोस."

रोहकाने जन्मभर हरणे पळतानाच पाहिली होती. परत आलेले हे पहिलेच. त्याने बाण भात्यात घातला.

"मग आम्ही खायचे काय?"

"कंद खणा, मोहाची फुले वेचा. मेलेली हरणे खोल पुरा, हा पाणवठा काट्यांनी बंद करा. धडधाकट कळप मी वरच्या झऱ्यावर नेतो. कळप तगला तर तुमची चूलही तगेल."

रोहकाने हे सांगताच वस्तीत गहजब झाला. म्हातारे म्हणाले, मुखियाने देवीचा कोप ओढवला. कालिकेने कुदळ उचलली.

"देवीला राग आला तर माझ्याकडे पाठवा. मी बघते."

ती आजारी हरिणी मेली, तेव्हा तिच्यासाठी पहिला खड्डा कालिकेनेच खणला. मग एकेक करून बाकीचेही आले, म्हातारेसुद्धा.

पोटाला चिमटे बसले, पण वस्तीत माणूस दगावले नाही. पुढच्या वर्षी टेकडीवरून पाडसांचा लोंढा असा उधळला, की चंपकेचे बाळ तिच्या कडेवरून टाळ्या पिटू लागले. रोहकाने ढोल गळ्यात घातला आणि सारी वस्ती नाचली. तेव्हापासून तिथे नवी रीत पडली: उभ्या हरणावर बाण नाही.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा रोहक म्हणजे हा भिक्षू उत्तिय, कालिका म्हणजे ही भिक्षुणी सोमदंता, आणि तो मृगराज मीच."

जो आपल्यावर बाण रोखतो, त्याच्याही ताटाची काळजी वाहणे, याला मैत्री म्हणतात.