आडवं कोण आलं?

जपानमध्ये एक इवलंसं बेट होतं. तिथं माणसं मोजकी आणि मांजरं मुबलक. कौलांवर मांजर, होडीत मांजर, देवळाच्या पायरीवर मांजर. कोळ्यांची ती फार लाडकी होती.

सांगलीचे हळदीचे व्यापारी चिंतामणशेठ नेमके या बेटावर आले. त्यांची लेक वृंदा समोरच्या शहरात राहत होती. तिचे दिवस भरत आले होते, म्हणून शेठ आणि त्यांच्या पत्नी यमुनाबाई तिच्याकडे आले होते. "माझ्या तोंडाकडे किती बघाल? बेट तरी पाहून या," म्हणून तिनंच त्यांना धाडलं.

शेठ व्यवहाराला पक्के, पण एक खोड होती. मांजर आडवं गेलं की ते जागीच उभे राहत. दुसरं कोणी पुढे गेल्याशिवाय पाऊल टाकत नसत. म्हणजे अपशकुन त्या बिचाऱ्याच्या माथी!

दुपार कलताना जावयाचा फोन आला. "बाबा, वृंदाला कळा सुरू झाल्यात. आईला बोलावतेय. शेवटची बोट चुकवू नका."

दोघं धावत निघाले. तोच एक पिवळं मांजर आडवं गेलं. पुढे जायला तिसरं कोणी नव्हतं, म्हणून शेठ गल्ली बदलून वळले, तर तिथं काळं. त्यापुढच्या गल्लीत तर मायलेकरांची वरातच. "आज नाट लागणार," शेठ पुटपुटले. मांजरं चुकवता चुकवता धक्क्याची वाटच चुकली. लांबून बोटीचा भोंगा ऐकू आला. यमुनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

समोरून टोपली घेतलेली एक म्हातारी आली. ही पुढे गेली की झालं, म्हणून शेठ बाजूला सरले. पण तिकडच्या माणसांना अदब फार. म्हातारीनं वाकून हात केला, आधी तुम्ही. शेठनीही हात केला, छे छे, आधी तुम्ही. ती आणखी वाकली. मांजरं मात्र दोघांच्या मधून खुशाल चालली होती, सगळी एकाच दिशेला.

यमुनाबाईंनी मांजरांकडे हात करून खुणेनंच विचारलं, कुठे? म्हातारी हसली. तिनं बोटीच्या भोंग्याचा आवाज काढला आणि मासा खाल्ल्यासारखं तोंड हलवलं.

"अहो, बोट लागली म्हणून ही धक्क्याकडे निघालीत, माशांसाठी!" यमुनाबाई म्हणाल्या. "ती आपल्या वाटेनं चाललीत. आडवे तुम्ही येताय!"

"आणि अपशकुन?"

"लेक आईला हाका मारतेय आणि आई इथं उभी. याहून मोठा कोणता हवाय?"

शेठ मांजरांच्या मागोमाग धावत सुटले. धक्का वळणापलीकडेच होता आणि बोट अजून हलली नव्हती.

वृंदा सुखरूप सुटली. मुलगी झाली. नात मांडीवर आली तेव्हा कुठे शेठच्या जिवात जीव आला.

सांगलीला परतल्यावर बाजारात त्यांच्यासमोर एक मांजर आलं. आजूबाजूचे लोक थबकले. शेठही थांबले, किंचित वाकले आणि म्हणाले, "आधी तुम्ही." मांजर गेलं. मग सगळ्यांच्या आधी शेठ पुढे झाले.

तात्पर्य: जो तो आपल्या वाटेनं चाललेला असतो, त्याला अपशकुन समजून जो आपली वाट सोडतो, तोच वाट चुकतो.