आपण म्हणजे कोण?

फार पूर्वी एका देवळामागच्या कुंडापाशी राहणारे जीव नित्य भजन ऐकून इतके विनम्र झाले होते, की त्यांनी "मी" हा शब्दच टाकला होता. ते एकमेकांना "आपण" म्हणत आणि स्वतःलाही "आपण"च म्हणत.

एका वर्षी कुंडाचा झरा गाळाने व पाल्याने बुजला. पाणी घटू लागले, तशी मासोळी पिलांच्या काळजीने व्याकूळ झाली. मैनेने सभा बोलावली. सर्वांचे मत घेऊन ठरले, की आधी गाळ उकरावा, मग पाला ओढावा.

"गाळ आपण उकरावा," खेकडा बदकाला म्हणाला.

"अवश्य. आणि पाला आपण ओढावा," बदक उत्तरले.

सभा समाधानाने उठली.

दुसऱ्या दिवशी झऱ्याकडे कोणीच फिरकले नाही.

"खेकडेबुवा, गाळ आपण उकरणार होतात ना?" बदकाने विचारले.

"छे, आपण म्हणजे आपण, बदकराव."

"म्हणजे नेमके कोण?"

"आपण म्हणजे सगळेच, असे वाटले होते," मैना गोंधळून म्हणाली.

असा अर्थ लावता लावता पाणी आणखी खाली गेले. पिले चिखलात तडफडू लागली. तेव्हा मासोळी म्हणाली, "पाला मी ओढते," आणि तिने एक पान तोंडात धरले.



"हा अहंकार म्हणावा, की सेवा?" बदकाने हळूच विचारले.

"ते काही उमगत नाही," खेकडा म्हणाला. मग नांगी गाळात रोवून तो चाचरत बोलला, "पण गाळ... मी उकरतो."