आनशीची ओहोटी

फार फार वर्षांपूर्वी, खाडीकाठच्या पाणकोंड गावात आनशी नावाची सुईण होती. गावातलं प्रत्येक मूल आधी तिच्या हातावर आलं, मग आईच्या कुशीत गेलं. तुळसाची लेक मैनी जन्मली ती न रडताच, निळी पडलेली. आनशीने तोंडाने श्वास भरून भरून तिला रडवलं, असं म्हणतात.

मैनी वाढली अंगाने. मनाने लहानच राहिली. शब्द तिला उशिरा सापडत. पण आनशी दिसली की धावत येऊन गळ्यात पडायची.

एका उन्हाळ्यात ते थांबलं. मैनी अंथरूण ओलं करू लागली, होडी दिसली की किंचाळू लागली. आनशीने हात पुढे केला तर भिंतीशी सरकली. सुईणीला काय ते समजलं.

तुळसा रडत म्हणाली, "गप्प बस गो आनशी. वेड्या पोरीचं कोण ऐकणार? झालं ते खाडीत सोडायचं."

आनशीने सोडलं नाही. तिने मैनीला खोदून काही विचारलंही नाही. रोज हातभर अंतर ठेवून ती तुळसाच्या अंगणात बसे आणि म्हणे, "तुझं काही चुकलं नाही, बाय माझी." मैनी शंखशिंपल्यांशी खेळायची. एके दिवशी तिने मोठा शंख उचलून लहान शिंपल्यावर दाबला आणि म्हणाली, "नारोकाका."

नारो तांडेल! गावच्या होड्यांचा म्होरक्या. त्याच्यावाचून जाळं पडत नसे, चूल पेटत नसे.

आनशीने धक्क्यावर गाव जमवला आणि मैनीला सोबत आणून सगळ्यांसमोर नारोचं नाव घेतलं. भरती पुरी झाली होती, होड्या निघायच्या होत्या. नारो हसून म्हणाला, "हिला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. हिच्या शब्दावर मला धरणार?"

"सकाळ-संध्याकाळ नसेल कळत," आनशी म्हणाली. "दुखलेलं कळतं."

मैनीचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. लोक कुजबुजले, "पाणी उतरेल, होड्या चिखलात बसतील."

तेव्हा आनशी खाडीकडे वळली. "पोरीला वेळ लागतो," ती म्हणाली. "थांब जरा."

आणि खाडी थांबली, असं म्हणतात. ऊन कललं, तरी पाणी बोटभर उतरलं नाही. लाटेवरचा फेससुद्धा जागचा हलला नाही. ते पाहून एकेक माणूस खाली बसला.

मैनी बोलली. तुटक तुटक. "नारोकाका. होडीत. मला नको होतं." शेवटचा शब्द निघाला, तशी खाडी एका दमात ओसरली. पळू पाहणाऱ्या नारोची होडी चिखलात रुतली. गावाने त्याला किल्ल्यावरच्या हवालदाराच्या हवाली केलं. तो पुन्हा या काठाला दिसला नाही.

पण म्हणून मैनी लगेच बरी झाली नाही. आनशी रोज उंबऱ्याशी येई, विचारी, "जवळ येऊ?" मैनी मान हलवी, नको. आनशी बरं म्हणून तिथेच बसे. सारा गाव झेललेले ते हात एका पोरीसाठी झुरत राहिले. दुसऱ्यांची बाळं न्हाऊ घालतानाही त्यांना तिचीच आठवण यायची. केस पांढरे झाले, नजर मंदावली.

मग एका सकाळी आनशीच्या अंगणात पावलं वाजली. उंच झालेली मैनी दारात उभी राहून म्हणाली, "आनशी, जवळ येऊ?"

म्हातारीच्या तोंडून शब्दच फुटेना. मैनी मात्र थांबली. होकार येईपर्यंत थांबली.

आनशी कधी गेली ते कुणी सांगत नाही. पण पाणकोंडात अजून रीत आहे. कुठलंही मूल, अडखळणारं असो की बोबडं, काही सांगू लागलं की मोठी माणसं जमिनीवर बसतात. मधे कुणी बोलत नाही, त्याचा शब्द कुणी पुरा करत नाही. तेवढ्यात ओहोटी लागते, होड्या चिखलात बसतात, त्या दिवशीची मासळी जाते. "जाऊ दे," बायका म्हणतात, "आज आनशीची ओहोटी."