खाडीकाठची होडी

किती पिढ्यांपूर्वीची ही गोष्ट, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. एका राज्याच्या टोकाला, खाडीच्या काठी एक गाव होतं. गावकऱ्यांनी सरपणासाठी काठावरची कांदळाची झाडं तोडली, आणि उधाणाचं खारं पाणी थेट भातखाचरांत शिरू लागलं.

येसू नावाच्या एका विधवेनं नऊ बायका गोळा केल्या. कांदळाच्या लांब शेंगा आणून त्या चिखलात खोचू लागल्या. पण शेंगा मिळायच्या पलीकडच्या बेटावर. मांडीभर चिखल तुडवत डोक्यावरून आणून आणून किती आणणार? त्यातून जी रोपं रुजत, ती गुरं खाऊन टाकत.

शेवटी येसू दरबारात गेली. म्हणाली, "महाराज, आम्हाला एक होडी द्या. आणि दोन वर्षं गुरं हाकलायला एक राखणदार."

प्रधान हसला. "बाई, एवढ्याशासाठी दरबारात येतात होय? समुद्र अडवायचाय ना? मग दगडी भिंत मागा!"

येसूचा चेहरा उतरला, पण ती मागे सरली नाही. "प्रधानजी, भिंत तुमचे गवंडी बांधतील आणि निघून जातील. उद्या ती ढासळली, तर आम्ही काय करावं? झाडं आम्हाला लावता येतात. अडलंय ते होडीपाशी."

राजा म्हणाला, "काय अडलंय ते हिलाच ठाऊक. द्या होडी, आणि राखणदारही."

सहाव्या वर्षी, भात पोटरीला आलं असताना, भरदुपारी वादळ उठलं. सारं गाव टेकडीवर पळालं. येसूला खाली बघवेना.

"झाडं अजून कोवळीच गं," ती शेजारणीला म्हणाली. "टिकाव धरतील का?"

दिवस कलताना वारा पडला. येसू धावतच खाली आली. कांदळाच्या पुढच्या दोन रांगा आडव्या झाल्या होत्या. मागची झाडं मात्र मुळं रोवून उभी होती, लाटांचा जोर तिथंच मोडला होता. तिनं खाचरातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं.

"अगं, गोडं आहे! पावसाचंच आहे! या, चाखून बघा!"

आणि ती बांधावर मटकन बसून हसता हसता रडू लागली.

पुढं प्रधान स्वतः ते पाहायला आला. चिखलात त्याचे पाय रुतले, तेव्हा त्या बायकांनीच हात देऊन त्याला वर काढलं. परत जाऊन त्यानं दरबाराला नवा रिवाज घालून दिला : लहान मागणी घेऊन येणाऱ्याचं आधी ऐकायचं. काही वर्षांत साऱ्या किनाऱ्यावर कांदळवनं उभी राहिली.

तेव्हा लहानथोरांनो, ध्यानात ठेवा : जे हात आधीच कामाला लागलेत, त्यांना वेळेवर दिलेली चिमूटभर मदत डोंगराएवढं काम करून जाते.