नखभर चीक

“चाचा, हे मेलं तर नाही ना?”

शेवटची पायरी चढता चढताच जनार्दन कुपवाड्यांनी विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. दोन्ही हातांत ताटलीएवढी उथळ कुंडी, कुंडीत वीतभर उंचीचा वड, आणि वडावर औषधालासुद्धा पान नाही.

दस्तगीरचाचा मुजावर दर्ग्याच्या ओट्यावर बसून एका ठेंगण्या चिंचेच्या फांदीला तांब्याची तार गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बसा की, साहेब.”

“बसायला वेळ नाही. खाली रिक्षात सुलोचना बसलीय.”

“मग त्यांनाही वर आणायचं.”

“एकतीस पायऱ्या आहेत, चाचा! तिचं ऑपरेशन झालंय हृदयाचं.” कुपवाड्यांनी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. रिक्षातून निळ्या साडीचा पदर दिसला, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

कुपवाडे पाटबंधारे खात्यातले निवृत्त उपअभियंता. तीन तालुक्यांचं पाणी त्यांच्या सहीनं वळायचं, आणि हे ते पाचव्या मिनिटाला समोरच्याला सांगायचे. पण बायकोचं ऑपरेशन झालं आणि या माणसाचं पाणी पाणी झालं. दिवसातून दहा वेळा तिच्या बोटाला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा. ती जरा डोळे मिटून पडली की नाकाशी हात. शेवटी डॉक्टरच वैतागून म्हणाले, “पेशंट ठणठणीत आहे, साहेब. तुम्ही एखादा छंद लावून घ्या.”

म्हणून दोन महिन्यांपूर्वी ते मिरजेजवळच्या या टेकडीवर आले होते.

चाचा हा दर्गा चाळीस वर्षं सांभाळत होते. घुमटाच्या फटींत दरसाल वड उगवायचा, पिंपळ उगवायचा. ठेवावा तर घुमट फुटतो, फेकावा तर जीव होत नाही. मग चाचांनी ती रोपं उपटून ताटल्यांत लावायला सुरुवात केली. आता मागच्या भिंतीशी दीडशेच्या वर होती. लोक त्यांना बोन्साय म्हणायचे. चाचा म्हणायचे, “माझी बारकी.”

कुपवाडे पहिल्याच दिवशी जय्यत तयारीनं आले होते. तीन पुस्तकं वाचून झालेली, पुण्याहून मागवलेल्या कात्र्या, चार जाडीच्या तारा. चाचांनी ते सगळं कौतुकानं पाहिलं आणि पेटी बंद करून परत त्यांच्या हातात दिली. वर भिंतीशी असलेला हा वीतभर वड ठेवला.

“पहिलं वर्ष कात्री नाही, तार नाही. मातीत बोट घालायचं, कोरडी लागली तर पाणी. सकाळचं ऊन. बस्स.”

“आणि पानं गळाली तर? जिवंत आहे हे कळणार कसं?”

तिथं चाचांची चूक झाली म्हणा हवं तर. त्यांनी सांगून टाकलं, “शंका आली तर एकदा नखानं जरा खरवडायचं. चीक आला की समजायचं, जीव आहे.”

आता चाचांनी चिंच बाजूला ठेवली, चष्मा लावला आणि कुंडी मांडीवर घेतली. बोटभर जाडीच्या त्या बुंध्यावरून अंगठा फिरवला. खालून वर, मग पाठीमागून. जिथं बोट लागेल तिथं खरवडलेलं होतं. वाळलेल्या चिकाचे पांढरट थेंब सगळीकडे चिकटले होते.

“घरात उंदीर झालेत काय?”

“नाही.”

“मांजर?”

कुपवाडे इकडेतिकडे पाहू लागले.

“...मीच,” ते म्हणाले.

“रोज?”

“रोज सकाळी... आणि संध्याकाळी एकदा.”

“चीक येत होता?”

“काल संध्याकाळपर्यंत येत होता. आज सकाळी आला नाही, चाचा. चार ठिकाणी बघितलं. आला नाही.”

खात्यातल्या माणसांनी त्यांना असं पाहिलं असतं तर ओळखलं नसतं.

चाचांनी कुंडीतल्या मातीत बोट घालून पाहिलं. खालच्या रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर खडखडत गेला. मग म्हणाले, “दुसरं देतो. भिंतीशी ढीगभर आहेत.”

“दुसरं नको.”

“का?”

“हेच पाहिजे.”

“एवढ्याशा रोपाचा एवढा धसका? कशाचा, साहेब?”

कुपवाड्यांनी रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली.

“सांगायचं नसेल तर राहू द्या.”

कुपवाड्यांनी पुन्हा कठड्यावरून खाली पाहिलं. मग चाचांच्या समोर, खाली फरशीवरच बसले. आयुष्यभर त्यांनी नवस बोलणाऱ्यांची टिंगल केली होती. वटपौर्णिमेला सुलोचना वडाला सूत गुंडाळून आली की ते विचारायचे, “मग? किती वर्षं वाढली माझी?” आणि स्वतःच हसायचे. आता तेच तोंड कुठल्या तोंडानं उघडायचं, हा प्रश्न होता.

“वेडेपणा आहे,” ते हळू म्हणाले. “नेल्यावर आठवड्यातच पहिलं पान पिवळं पडलं ना, त्या दिवशी मनाशी धरून बसलो... हे झाड जगलं तर ती जगेल.”

“आणि नाही जगलं तर?”

कुपवाड्यांनी मान हलवली. त्याच्या पुढचं त्यांना उच्चारवत नव्हतं. गेले दोन महिने ते त्याच भीतीत जेवत होते, त्याच भीतीत उठत होते. चीक दिसला की अर्धा दिवस बरा जायचा. मग नख पुन्हा बुंध्याशी जायचं.

“म्हणून तुम्हीच बघा, चाचा. तुमचा हात सरावाचा आहे. एकदाच खरवडून सांगा, आहे की गेलं.”

चाचांनी हात पुढे केला.

पण बुंध्याकडे नाही. त्यांनी कुपवाड्यांचं मनगट धरलं, उलटं केलं, आणि आतल्या मऊ कातडीवर अंगठ्याचं नख रोवून ओढलं. चाळीस वर्षं मातीत काम केलेलं नख ते, खुरप्यासारखं जाड.

“आई गं! चाचा!”

“हलू नका. जिवंत आहात का बघतोय.”

“अहो, तुमच्यासमोर बसून बोलतोय की मी!”

“बोलताय, खरं आहे. पण खात्री नको? बघू, इकडून जरा...”

दुसरा ओरखडा उठला. रक्ताचा बारीक थेंब वर आला.

“पुरे! पुरे, चाचा!”

“बरं. उद्या सकाळी या, परत बघू. आणि संध्याकाळी एकदा.”

कुपवाड्यांनी हात ओढून छातीशी धरला. राग आला होता. काहीतरी सणसणीत बोलायला त्यांनी तोंडही उघडलं. पण नजर मांडीवरच्या त्या वडाकडे गेली. वीतभर बुंधा, आणि त्यावर दोन महिन्यांच्या सकाळ-संध्याकाळ.

तोंड मिटलं.



चाचांनी डब्यातली ओली चिकणमाती घेतली आणि हलक्या हातानं बुंध्याला लिंपली. कुठेही दाबलं नाही, कुठेही उकरलं नाही. मातीखाली हिरवं आहे की काळं, हेही पाहिलं नाही. मग ते उठले, भिंतीच्या सावलीत गेले आणि ती कुंडी बाकीच्या दीडशेत ठेवून आले. पान नसलेली आणखीही काही झाडं तिथं होती. कुपवाड्यांना लांबून आपलं झाड कुठलं ते ओळखू येईना.

“कुठं ठेवलंत?”

“सावलीत.”

“जगेल?”

“ठाऊक नाही.”

“मग मला कधी कळेल?”

चाचांनी हात धोतराला पुसले आणि चिंचेची तार पुन्हा हातात घेतली.

...आणि तेव्हा कुपवाड्यांच्या ध्यानात आलं, की एवढ्या वेळात आपण खाली एकदाही पाहिलं नाही. ते धडपडत उठले, कठड्याशी धावले.

रिक्षा होती. रिक्षावाला पाय पसरून पेपर वाचत होता. मागची सीट रिकामी होती.

“सुलोचना!”

नवस मोडला. इकडे चीक आटला आणि तिकडे... पुढचा विचार करायलाही मन धजेना. “सुलोचना! अहो रिक्षावाले, बाई कुठायत?”

“केवढ्यानं ओरडताय? दर्गा आहे हा.”

आवाज मागून आला. सुलोचनाबाई पायऱ्यांच्या तोंडाशी उभ्या होत्या. एका हातानं भिंत धरलेली, कपाळावर घाम, चेहरा लालबुंद, आणि त्या चक्क हसत होत्या.

“तू... चढलीस? एकतीस?”

“मध्ये तीनदा टेकले. मग काय, त्या रिक्षात बसून कंटाळा आला. डॉक्टर महिनाभर सांगताहेत, जिने चढा म्हणून. तुम्ही चढू दिलं का एकदा तरी?”

“अगं, पण धाप लागलीय तुला!”

“लागणारच की. एकतीस पायऱ्या चढलेय.”

कुपवाड्यांचा हात आपसूक पुढे गेला. नाडी बघायला. तिच्या मनगटापासून चार बोटांवर पोचला, आणि त्यांचं स्वतःचं मनगट झणझणलं. हात तिथेच अडला.

सुलोचनाबाईंनी तो अधांतरी हात पाहिला. त्यावरचे दोन ताजे ओरखडे पाहिले. रोज बोट पुढे करायची सवय झालेली. आज त्यांचं बोट पदरातच राहिलं.

कुपवाड्यांनी हात मागे घेतला. खिशात घातला, काढला, पाठीमागे धरला. भीती होती तिथेच होती, तसूभर कमी झाली नव्हती. फक्त आता तिला जायला वाट नव्हती. त्यांचे डोळे भरून आले.

“चाचा...” ते म्हणाले, “मग या हातांचं मी करू तरी काय?”

चाचांनी फांदीला तारेचा शेवटचा वेढा दिला.

“वहिनी उभ्या आहेत, साहेब. ती कोपऱ्यातली सतरंजी अंथरा.”